प्रशांतचंद्र महालनोबिस : सरासरीपलीकडे पाहणारा संख्याशास्त्रज्ञ

२९ जून हा दिवस आपल्या देशात २००७ सालापासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. शाळांतून या दिवसाची फारशी वाच्यता होत नाही. हा दिवस ज्यांचा जन्मदिवस आहे, ते प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस हे नावही आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातच प्रथम भेटते. तेथे एका ओळीत उत्तर दिलेले असते आणि ते पाठ करून विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वास्तविक दहावी-बारावीच्या गणितात आपण जी वारंवारता सारणी मांडतो, जी सरासरी आणि जे प्रमाण विचलन काढतो, त्याचा उपयोग या देशातील माणसांच्या भाकरीसाठी, पिकांसाठी आणि पुरापासून बचावासाठी कसा करावा, हे ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले, त्यांत महालनोबिस अग्रणी होते. त्यांच्या चरित्राची ओळख आणि त्या ओघात या गणिताचीही ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जन्म व शिक्षण

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्ता येथे झाला. घराणे ब्राह्मो समाजाचे. आजोबा गुरुचरण यांनी १८६४ मध्ये एका विधवेशी विवाह करून त्या काळच्या समाजाचा रोष ओढवून घेतला होता. रूढीपेक्षा विवेकाला मान देण्याची ही वृत्ती नातवात पुरेपूर उतरली. ब्राह्मो बॉईज स्कूलमधून १९०८ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान विषय घेऊन बी.एस्सी. झाले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू त्यांना तेथे लाभले. मेघनाद साहा त्यांच्या मागच्या वर्गात होते.

१९१३ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. लंडन विद्यापीठात प्रवेश घ्यावा असा बेत होता. परंतु एके दिवशी केंब्रिज पाहण्यासाठी म्हणून गेले असता परतीची शेवटची गाडी चुकली. रात्री एका स्नेह्याकडे मुक्काम करावा लागला. किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहून ते भारावले होतेच. तेथेच प्रवेशासाठी प्रयत्न करावा, असे एका परिचिताने सुचविले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसे केले आणि प्रवेश मिळालाही. केंब्रिजला असताना थोर गणितज्ञ रामानुजन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. १९१५ मध्ये ते पदार्थविज्ञानाची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते मायदेशी येताना. पहिले महायुद्ध चालू होते आणि जहाज सुटण्यास विलंब लागत होता. तो वेळ ते कॉलेजच्या ग्रंथालयात घालवीत. त्यांचे शिक्षक मॅकॉले यांनी तेथे त्यांचे लक्ष ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाकडे वेधले. कार्ल पियर्सन यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या या नियतकालिकात सजीवांची मोजमापे घेऊन त्यांवर गणिती पद्धतीने विचार केलेला असे. प्रशांतचंद्रांना ते इतके आवडले की त्यांनी त्याचा सगळा संच विकत घेतला आणि जहाजावर वाचीत आले. थोड्या दिवसांच्या सुटीसाठी म्हणून आलेला हा तरुण प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागला आणि परत केंब्रिजला शिकण्यासाठी गेलाच नाही.

सरासरी आणि विखुरणे

आता क्षणभर चरित्र बाजूला ठेवून, त्या नियतकालिकातून त्यांना काय गवसले, ते पाहू. समजा, एका शाळेत दोन तुकड्या आहेत. प्रत्येकीत २० विद्यार्थी असून दहा गुणांची चाचणी घेतली आहे. उदाहरण कल्पित आहे, पण अशा तुकड्या प्रत्येक शाळेत सापडतील.

पहिल्या तुकडीत ४ गुण मिळविणारे २, ५ गुणांचे ५, ६ गुणांचे ६, ७ गुणांचे ५ आणि ८ गुणांचे २ विद्यार्थी आहेत. यालाच वारंवारता सारणी म्हणतात. कोणता गुण किती वेळा आला ही त्या गुणाची वारंवारता. प्रत्येक गुणाला त्याच्या वारंवारतेने गुणून बेरीज करा : ८ + २५ + ३६ + ३५ + १६ = १२०. भागिले २० केले की सरासरी ६ येते.

दुसऱ्या तुकडीत २, ४, ६, ८ आणि १० हे गुण प्रत्येकी ४ विद्यार्थ्यांना मिळाले आहेत. येथेही गुणाकारांची बेरीज ८ + १६ + २४ + ३२ + ४० = १२० आणि सरासरी ६. मुख्याध्यापकांच्या वहीत दोन्ही तुकड्या सारख्याच!

पण त्या सारख्या आहेत काय? पहिल्या तुकडीत सगळी मुले सहाच्या आसपास आहेत. दुसऱ्या तुकडीत चार मुले पैकीच्या पैकी गुण मिळवून गेली आणि चार मुलांना केवळ दोन गुण आहेत. हा फरक मोजावयाचा तर प्रत्येक गुण सरासरीपासून किती दूर आहे ते पाहावे लागते. नुसते अंतर घेऊन बेरीज केली तर अधिक-उणे अंतरे एकमेकांना मारून शून्य उरते. म्हणून अंतराचा वर्ग करावयाचा, वारंवारतेने गुणावयाचे, बेरीज करून एकूण संख्येने भागावयाचे आणि शेवटी वर्गमूळ काढावयाचे. पहिल्या तुकडीत अंतरे २, १, ०, १, २; त्यांचे वर्ग ४, १, ०, १, ४; वारंवारतेने गुणून ८ + ५ + ० + ५ + ८ = २६. भागिले २० केले की १.३ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १.१४. दुसऱ्या तुकडीत वर्ग १६, ४, ०, ४, १६; प्रत्येकी ४ ने गुणून ६४ + १६ + ० + १६ + ६४ = १६०; भागिले २० म्हणजे ८ आणि वर्गमूळ सुमारे २.८३. हेच प्रमाण विचलन. इंग्रजीतील त्याचे नाव कार्ल पियर्सन यांनी १८९३-९४ च्या सुमारास रूढ केले.

तुकडीतील २० जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून एक चिठ्ठी काढली, तर त्या विद्यार्थ्याचे गुण किती असावेत अशी अपेक्षा धरावी? पहिल्या तुकडीत ४ गुण येण्याची संभाव्यता २ भागिले २० म्हणजे ०.१, ५ ची ०.२५, ६ ची ०.३, ७ ची ०.२५ आणि ८ ची ०.१. प्रत्येक गुणाला त्याच्या संभाव्यतेने गुणून मिळविले तर ०.४ + १.२५ + १.८ + १.७५ + ०.८ = ६. याला अपेक्षित मूल्य म्हणतात. ते सरासरीइतकेच आले याचे नवल नाही, कारण वारंवारतेला एकूण संख्येने भागण्याचे काम आपण फक्त आधी उरकून घेतले. ही कल्पना हॉलंडच्या ख्रिस्तिआन हायगेन्स याने १६५७ मध्ये जुगारातील हिशेबांसंबंधी लिहिताना मांडली. जुगार आपल्याला निषिद्ध आहे. परंतु तेच गणित पुढे धान्य, पाऊस, आजार आणि आयुर्मान यांच्या कामी आले.

एक सूचना विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावी. आपल्यापुढील आकडे हाच सगळा समुदाय असेल तर एकूण संख्येने भागावे. पण ते मोठ्या समुदायातून घेतलेला नमुना असतील आणि त्यावरून त्या समुदायाच्या विखुरण्याचा अंदाज करावयाचा असेल, तर एकूण संख्येतून एक वजा करून भागतात. वरील उदाहरणात २० ऐवजी १९. नमुन्याची सरासरी नमुन्यातूनच काढलेली असल्याने तिच्यापासूनची अंतरे किंचित कमी भरतात. ती उणीव यामुळे भरून निघते.

पूर, पीक आणि संस्था

परत महालनोबिसांकडे वळू. १९१७ च्या सुमारास आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांनी त्यांना विद्यापीठाच्या परीक्षांच्या निकालांचा संख्याशास्त्रीय अभ्यास करावयास सांगितले. त्यानंतर १९२० मध्ये नागपूर येथे भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तेथे प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन अॅनंडेल यांची गाठ पडली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापे अॅनंडेल यांच्याजवळ पडून होती. त्यांचा अभ्यास महालनोबिसांनी हाती घेतला आणि १९२२ मध्ये या विषयावरचा त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

या अभ्यासातून एक महत्त्वाचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. दोन मानवसमूहांच्या सरासरी उंचीत, डोक्याच्या मापात थोडा फरक दिसला म्हणजे ते समूह वेगळे समजावेत काय? त्यांचे उत्तर असे की नुसता सरासरीतील फरक काहीच सांगत नाही. प्रत्येक समूहातील माणसेच आपसांत किती वेगवेगळी आहेत, ते पाहून त्या मापाने फरक मोजला पाहिजे. शिवाय उंची आणि हाताची लांबी यांसारखी मापे एकमेकांशी निगडित असतात, तेही हिशेबात धरले पाहिजे. १९२७ मध्ये ते काही महिने पियर्सन यांच्या प्रयोगशाळेत होते; तेथील रूढ पद्धतीतील उणीव त्यांना दिसली. पुढे १९३६ मध्ये त्यांनी आपली पद्धत पूर्ण स्वरूपात मांडली. तीच आज जगभर महालनोबिस अंतर या नावाने ओळखली जाते, आणि संगणकाच्या साह्याने नमुने ओळखण्याच्या कामात अजूनही वापरली जाते.

१९२२ ते १९२६ या काळात ते अध्यापनासोबत कलकत्त्याच्या वेधशाळेचेही काम पाहत. १९२२ मध्ये उत्तर बंगालात मोठा पूर आला. पाणी अडवून ठेवण्यासाठी खर्चिक तलाव बांधण्याचा विचार सरकारी पातळीवर चालला होता. महालनोबिसांनी पाऊस आणि पूर यांच्या सुमारे पन्नास वर्षांच्या नोंदी तपासल्या व दाखवून दिले की हे तलाव कुचकामी ठरतील. साचलेले पाणी लवकर वाहून जाईल अशी व्यवस्था करणे हाच उपाय आहे. १९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, तेव्हा बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबिसांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी मांडल्या आणि पात्र वर आलेले नाही, असा निर्वाळा दिला. एका वर्षीचे भयंकर पाणी डोळ्यांपुढे असले म्हणजे माणूस घाबरतो. तो आकडा वर्षानुवर्षांच्या चढउतारात ठेवून पाहिला म्हणजेच तो खरोखर काय सांगतो ते कळते. नदीच्या वरच्या अंगाला धरणे बांधावीत, ही दिशा त्यांनी त्या वेळी दाखविली. त्याच प्रांतात महानदीवरील हिराकुड धरण पुढे १९५७ मध्ये पूर्ण झाले.

१९२३ मध्ये त्यांचा विवाह निर्मलकुमारी मैत्र यांच्याशी झाला. समाजाच्या सभासदत्वाच्या काही नियमांबद्दल प्रशांतचंद्रांचे मतभेद होते, म्हणून वधूपित्याची या विवाहाला पूर्ण संमती नव्हती. तेव्हा वधूपित्याच्या जागी प्रशांतचंद्रांचे मामा डॉ. नीलरतन सरकार उभे राहिले. या दांपत्याला रवींद्रनाथ टागोरांचा फार लोभ लाभला. विश्वभारतीचे संयुक्त चिटणीस म्हणून महालनोबिसांनी १९२१ ते १९३१ अशी दहा वर्षे काम केले.

प्रेसिडेन्सी कॉलेजातील आपल्या खोलीतच त्यांनी काही तरुणांना जमवून संख्याशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली होती. १७ डिसेंबर १९३१ रोजी तिच्यातून भारतीय संख्याशास्त्र संस्थेचा जन्म झाला. पहिल्या वर्षाचा खर्च अडीचशे रुपयांच्या आत होता. १९३३ मध्ये ‘सांख्य’ हे संस्थेचे नियतकालिक निघाले. अडीचशे रुपयांच्या या संस्थेला १९५९ मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. शिक्षणसंस्था चालविणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा इतिहास जरूर आठवावा. इमारत नंतर आली. आधी एक शिक्षक, एक खोली आणि काही जिद्दी मुले होती.

थोडे पाहून पुष्कळ जाणणे

१९३७ पासून संस्थेने बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज बांधण्याचे काम हाती घेतले. प्रत्येक शेत मोजणे शक्य नव्हते. गावच्या कारकुनाने नजरअंदाजाने लिहून पाठविलेला आकडा भरवशाचा नव्हता. महालनोबिसांनी नमुना पाहणीचा मार्ग धरला. शेते आपल्या आवडीने निवडावयाची नाहीत, तर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाची. मग निवडलेल्या जागांवरून सगळ्या प्रांताची सरासरी किती आणि ती चुकण्याचा संभव किती, हे दोन्ही सांगता येते.

येथे प्रमाण विचलन फार उपयोगी पडते. नमुन्याच्या सरासरीतील संभाव्य चूक ही प्रमाण विचलनाला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून मिळते. समजा, शेताशेतांतील उत्पन्नाचे प्रमाण विचलन ५ मण आहे. २५ शेते पाहिली तर वर्गमूळ ५, म्हणून चूक १ मणाच्या घरात. १०० शेते पाहिली तर वर्गमूळ १० आणि चूक अर्ध्या मणाची. काम चौपट केले तेव्हा चूक निम्मी झाली. मग कोठे थांबावे? ज्या प्रदेशात शेते एकसारखी तेथे थोडे नमुने पुरतात, जेथे विखुरणे मोठे तेथे अधिक लागतात. पैसा आणि अचूकपणा यांचा मेळ कसा घालावा, याचे शास्त्रच महालनोबिसांनी उभे केले. आधी लहान चाचणी-पाहणी करावी, तिच्यावरून विखुरण्याचा अंदाज घ्यावा आणि मग मोठ्या पाहणीचा आराखडा करावा, ही त्यांची रीत होती.

आकडे गोळा करणारी माणसे चुकतात, कधी घरी बसूनही आकडे लिहितात, हे ते ओळखून होते. म्हणून एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते दोन वेगळ्या तुकड्यांकडे सोपविण्याची युक्ती त्यांनी काढली. दोघांचे निष्कर्ष फार भिन्न आले की चौकशी करावयाची. पीक कापून मोजताना तुकडा फार लहान घेतला तर काठावरची रोपे आत ओढली जाऊन उत्पन्न जास्त दिसते, हा दोषही त्यांच्या संस्थेने प्रयोगांनी उघड केला. या प्रश्नावर डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांचे म्हणणे असे की तुकडे मोठे घ्यावेत आणि काम महसूल खात्याच्या नोकरांकडूनच करून घ्यावे. महालनोबिसांना वेगळी प्रशिक्षित माणसे हवी होती. दोन्ही बाजू विद्वानांच्या होत्या आणि वाद प्रयोगांच्या बळावर झाला. त्यातून देशाच्या पीकमोजणीची पद्धत सुधारली.

१९४३ मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे भुकेने व रोगराईने मेली. त्यानंतर खेड्यांतील कोणत्या थरावर किती आघात झाला, कोणाची जमीन गेली, कोण निराधार झाले, याची नमुना पाहणी महालनोबिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. प्रांताची सरासरी काढून भागण्यासारखे नव्हते. त्या सरासरीच्या खालच्या टोकाला असलेला शेतमजूर आणि कोळी कोठे गेला, हा खरा प्रश्न होता.

मिठाचा हिशेब

या संस्थेतील माणसांची एक हकिकत डॉ. सी. आर. राव यांनी ‘स्टॅटिस्टिक्स अँड ट्रुथ’ या आपल्या पुस्तकात नमूद केली आहे. १९४७ मध्ये दिल्लीत दंगली उसळल्या. अल्पसंख्य समाजातील पुष्कळ लोकांनी जीव वाचविण्यासाठी लाल किल्ल्यात आणि थोड्यांनी हुमायूनच्या मकबऱ्यात आश्रय घेतला. त्यांना अन्न पुरविण्याचे काम सरकारने ठेकेदारांकडे दिले. आत किती माणसे आहेत याची कोणालाच कल्पना नव्हती. ठेकेदार सांगतील तेवढे धान्य आणि मागतील तेवढे पैसे द्यावे लागत. शेवटी संख्याशास्त्रज्ञांना विचारण्यात आले. भयभीत लोकांत शिरून शिरगणती करणे त्यांना शक्य नव्हते.

तेव्हा एक वाट निघाली. तांदूळ, डाळ आणि मीठ रोज किती लागले याचे ठेकेदारांचे आकडे होते, आणि दरडोई किती लागते याची माहिती पूर्वीच्या पाहण्यांतून मिळत होती. एकूण भागिले दरडोई म्हणजे माणसांची संख्या. समजा, १०० किलो मीठ लागले आणि दरडोई सरासरी १० ग्रॅम लागते, तर माणसे १०,००० झाली. पण तिन्ही जिनसांवरून काढलेल्या संख्या सारख्या येईनात. तांदूळ महाग, त्यात आकडा फुगविला तर ठेकेदाराचा लाभ मोठा. मीठ स्वस्त, त्यात खोटे बोलून फारसे हाती लागत नाही. म्हणून मिठावरून आलेली संख्या ग्राह्य धरण्यात आली. हुमायूनच्या मकबऱ्यातील लहान छावणीत ही रीत पडताळून पाहता ती खऱ्या संख्येच्या जवळ गेली. ही कल्पना महालनोबिसांच्या संस्थेशी दीर्घकाळ संबंधित असलेले जे. एम. सेनगुप्ता यांची.

या हकिकतीत गणित केवढे? एक भागाकार. परंतु दरडोई मिठाची सरासरी ज्यांनी शांततेच्या दिवसांत काढून ठेवली होती, त्यांच्यामुळे आणीबाणीच्या वेळी किल्ल्यातील माणसांच्या नावाने होणारी लूट उघडी पडली. कोणती सरासरी भरवशाची आणि कोणती नाही, याचा विवेक तेवढा लागला.

देशाची पाहणी

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महालनोबिस केंद्रीय मंत्रिमंडळाचे मानद संख्याशास्त्रीय सल्लागार झाले. १९५० मध्ये त्यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीसाठी १,८३३ खेडी निवडण्यात आली होती. गावागावांत वजने वेगळी, मापे वेगळी, बोली वेगळ्या. पाहणीदार पायी आणि बैलगाडीने जात आणि घरात काय शिजते, कापडावर काय खर्च होतो, जमीन किती, याच्या नोंदी करीत. एवढ्या मोठ्या देशात अशा प्रकारची नियमित पाहणी चालविण्याचा प्रयत्न जगातही नवा होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नमुना पाहणीविषयक उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना १९४५ मध्येच सदस्यत्व दिले होते.

१९५५ ते १९६७ या काळात ते नियोजन मंडळावर होते. १९५६ ते १९६१ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा मुख्यतः त्यांच्या विचारांवर उभा होता. अवजड उद्योगांवर त्यांनी दिलेला भर अनेक अर्थशास्त्रज्ञांना पटला नाही. शेतीची त्यात आबाळ झाली अशी टीका झाली आणि ती पुढेही होत राहिली. मोठ्या माणसाचे प्रत्येक मत बरोबरच असते असे नाही. मात्र त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनाही आकडे लागत आणि ते बहुधा त्यांनीच सुरू केलेल्या पाहणीतून मिळत. १९५५-५६ मध्ये भारतातील पहिला अंकीय संगणक आला तोही त्यांच्याच संस्थेत. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते संस्थेचे काम पाहत होते.

आपल्यापुरते

महालनोबिसांचा आपल्या समाजाशी संबंध काय, असे एखादे पालक विचारतील. २००५ मध्ये केंद्र सरकारने न्या. राजेंद्र सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भारतातील मुसलमानांची शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक स्थिती काय आहे, हे तिने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात मांडले. तोपर्यंत या विषयावर भाषणे पुष्कळ झाली होती. कोणी म्हणे लाड होतात, कोणी म्हणे अन्याय होतो. समितीने जनगणनेसोबत ज्या आकड्यांचा आधार घेतला, ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांचे होते. पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालेल्या त्या पाहणीने आपली स्थिती कागदावर आणली.

त्या आकड्यांतही सरासरी आणि विखुरणे यांचा धडा आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची सर्वसाधारण साक्षरता ७६.९ टक्के. केवळ हा आकडा पाहिला तर आपण निश्चिंत होऊ. पण साक्षरतेच्या आकड्यात चौथीत शाळा सोडलेला मुलगा आणि पदवीधर मुलगी दोघेही एकच धरले जातात. देशपातळीवर पाहिले तर वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर व पदविकाधारक मिळून चार टक्केही भरत नव्हते. म्हणजे कोण कोणत्या इयत्तेपर्यंत पोचले, याची वारंवारता सारणी मांडल्याशिवाय खरे चित्र दिसत नाही.

शाळेच्या निकालाचेही असेच आहे. निकालाची टक्केवारी फलकावर लागते आणि आपण समाधान मानतो. पालकांनी आणि संचालकांनी त्यापुढे जाऊन सारणी मागावी. तीस ते चाळीसच्या दरम्यान किती मुले आहेत? गणितात विखुरणे वाढत आहे की कमी होत आहे? आठवीत किती मुली होत्या आणि दहावीत किती उरल्या? प्रमाण विचलन मोठे असेल तर वर्गात एकाच वेगाने शिकवून भागणार नाही. खालच्या टोकाच्या मुलांसाठी वेगळा तास ठेवावा लागेल आणि वरच्या टोकाच्या मुलांना पुढचे वाचावयास द्यावे लागेल. या गोष्टी वही-पेन्सिलीने काढता येतात. त्यासाठी संगणक लागतोच असे नाही.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, संख्याशास्त्र हा आज मोठ्या संधीचा विषय आहे. महालनोबिसांची संस्था आजही प्रवेशपरीक्षा घेऊन बारावीनंतरच्या पदवीसाठी विद्यार्थी घेते. त्या परीक्षेची तयारी आपल्या शाळेतील मुलांनी का करू नये? आणि तेथे न जाताही एक काम प्रत्येकाला करता येईल. या सुटीत आपल्या मोहल्ल्यातील वीस-पंचवीस घरांची यादी करा. प्रत्येक घरातील सर्वांत जास्त शिकलेली व्यक्ती कोणत्या इयत्तेपर्यंत शिकली, ते विचारून लिहा. वारंवारता मांडा, सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा. मग सरासरीपासून सर्वांत खाली जे घर असेल, त्या घरातील लहान मूल शाळेत जाते की नाही, याची विचारपूस करा. जात नसेल तर आम्हा शिक्षकांना येऊन सांगा.